व्हॅन गॉगच्या बेडरूमच्या भिंती निळ्या नव्हत्या

शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये 2016 साली चित्रकार व्हॅन गॉगने काढलेली स्वतःच्या बेडरूमची तिन्ही चित्रं एकत्र लावली होती, ॲमस्टरडॅमचं, पॅरिसच्या ओर्से म्युझियमचं आणि त्यांचं स्वतःचं. ते प्रदर्शन बघितल्यापासून कुठल्याही मगवर, कॅलेंडरवर त्या निळ्या भिंती दिसल्या की मला राहवत नाही. अहो, त्या निळ्या नव्हत्याच! फिकट जांभळ्या होत्या. ऑक्टोबर 1888 मध्ये भाऊ थिओला लिहिलेल्या पत्रात त्याने एकेक रंग सांगितलाय, भिंती फिकट जांभळ्या, फरशी लाल, पलंग नि खुर्च्या ताज्या लोण्यासारख्या पिवळ्या, पांघरूण लालभडक, आणि हे चित्र बघून डोक्याला विश्रांती मिळावी असंही लिहिलंय.

मग झालं काय, तर त्याने वापरलेला लाल रंग उजेडात टिकणारा नव्हता. जांभळ्यातला लाल उडाला, निळा तेवढा राहिला. शिकागोच्या लॅबमध्ये रंगाचा सूक्ष्म कण उलटा करून बघितला तर खालची बाजू, जिला कधी उजेड लागलाच नव्हता, ती चक्क जांभळी निघाली! हे वाचून माझ्या अंगावर काटा आला होता.

कुणी म्हणेल निळं काय नि जांभळं काय, चित्र छानच आहे ना. मला नाही पटत. पिवळ्याच्या विरुद्ध रंग जांभळा, दोघं शेजारी आले की एकमेकांना उठाव देतात, आणि व्हॅन गॉगने हा सिद्धांत नीट अभ्यासला होता. मुळात हा सिद्धांत आला धागे रंगवणाऱ्यांच्या कामातून. भिंतीवर टांगायचे चित्रांचे पडदे विणणाऱ्या पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात शेवरल नावाचे केमिस्ट होते, त्यांच्याकडे तक्रार यायची की काळा धागा फिका दिसतो, आणि त्यांनी शोधून काढलं की दोष रंगाचा नाही, शेजारच्या धाग्याचा आहे. 1839 मध्ये त्यांनी त्यावर मोठं पुस्तकच लिहिलं. पैठणी घेताना काठ अंगाच्या रंगावर ठेवून बघणाऱ्या आपल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको.

शिकागोच्या त्याच म्युझियममध्ये सरा या फ्रेंच चित्रकाराचं ते भलंमोठं ठिपक्यांचं चित्र आहे, ग्रांद जात बेटावरची रविवारची दुपार, 1884 ते 86 मधलं, रुंदी तीन मीटरच्या वर. जवळ जाऊन गवत बघा. उन्हाचे म्हणून टाकलेले पिवळे ठिपके आता मळकट तपकिरी दिसतात, कारण त्यातला झिंक यलो नावाचा पिवळा रंग काळवंडला, तोही काही वर्षांतच. म्हणजे आपण जे ऊन बघतोय ते सराने रंगवलेलं ऊन नाहीच.

माझं ठाम मत आहे की अशा प्रत्येक चित्राशेजारी मूळ रंग कसे असतील याचा एक छोटा डिजिटल प्रिंट कायमचा लावायला हवा. 2016 च्या प्रदर्शनात तसं दाखवलंही होतं, पण प्रदर्शन संपलं की संपलं, असं का? मूळ चित्राला हात लावू नका, पण बघणाऱ्याला सांगा तरी. लपवण्यासारखं त्यात काही नाही, खुद्द व्हॅन गॉगला ठाऊक होतं की हे नवे फॅशनचे रंग टिकणारे नाहीत, म्हणून ते आणखी भडक वापरावेत असं त्याने 1888 मध्येच लिहिलं होतं.

त्याची सगळी पत्रं इंग्रजी भाषांतरासकट ऑनलाइन फुकट आहेत, व्हॅन गॉग म्युझियमनेच ठेवलीत. बेडरूमचं पत्र वाचा आणि मग चित्र उघडून एकेक रंग ताडून बघा.