मनातले मांडे, मांडीवरचे मांडे

सांबरा, म्हणजे आमच्या बेळगावचा विमानतळ, ते बेंगळूर, हवाई अंतर साधारण साडेचारशे किलोमीटर. मोबाईलनं त्याखाली लिहिलेलं, एक तास दहा मिनिटं. झालं, मी मनात मांडे खायला लागलो. दोनला उडायचं, सव्वातीनला उतरायचं, चहाला जयनगरला आतेभावाकडे.

"चन्नम्मा एक्स्प्रेसनं जा की. रात्री झोपलास की सकाळी बेंगळूर," बाबा म्हणाले. बाबा गणिताचे निवृत्त मास्तर. रेल्वेवर त्यांचा पायथागोरसइतका विश्वास.

तेवढ्यात आत्याचा फोन. "विमानानं चाललास म्हणे? मग त्याला मांडे घेऊन जा. तासाभरात काय मोडतात!"

आत्या राहते दुसऱ्या रेल्वे गेटापलीकडं. दहाला घर सोडलं, डबा घेतला आणि परत येताना गेट पडलं. मालगाडी आली. मी डबे मोजत बसलो. अडतिसाव्या डब्याला गाडी थांबली. ठार थांबली. रिक्षावाल्यानं इंजिन बंद करून तंबाखू मळायला घेतली. "आता ही पुढं जाईल न्हाईतर मागं जाईल, खरं गेट काय उघडत न्हाई, बसा निवांत."

शहरापासून सांबरा दहा-अकरा किलोमीटर. तिथली धावपट्टी ब्रिटिशांच्या हवाई दलानं १९४२ साली बांधली. त्यांना महायुद्धाची घाई होती, मला काउंटर बंद होण्याची. उड्डाणाआधी तासभर ते बंद करतात. पोचलो तेव्हा चार मिनिटं शिल्लक होती. धापा टाकत बॅग दिली आणि मग कळलं, विमानच चाळीस मिनिटं उशिरा आहे.

तपासणीला मशीनमधून डबा गेला आणि पट्टा थांबला. पडद्यावर घडी घातलेल्या धोतरासारखं काहीतरी दिसत होतं.

"ये क्या है?"

"मांडे."

"मतलब?"

आता मांडे हिंदीत कसे सांगायचे? पुरणपोळीची पातळ, कोरडी, घडी घातलेली थोरली बहीण? मी "मीठा है" म्हणालो. त्यांनी झाकण काढून अंगठ्यानं हलकेच दाबून बघितलं. कर्र. पापड मोडल्यासारखा आवाज. माझ्याच बरगडीतून आल्यासारखा वाटला.

विमानात डबा मांडीवर धरून बसलो, तर हवाईसुंदरीनं तो समोरच्या सीटखाली सरकवायला लावला. अंतर मोजणारा एका धावपट्टीपासून दुसरीपर्यंत सरळ रेघ ओढून मोकळा होतो. विमानाला वारा बघावा लागतो, रांग बघावी लागते. देवनहळ्ळी, म्हणजे बेंगळूरचा विमानतळ, खाली दिसायला लागली आणि आम्ही वर घिरट्या घालायला लागलो. प्रत्येक वळणाला पायाशी एक बारीक कर्र.

उतरल्यावर बॅगेच्या पट्ट्याजवळ अर्धा तास. देवनहळ्ळी शहराबाहेर पस्तीसेक किलोमीटर, जयनगर शहराच्या दुसऱ्या टोकाला. हेब्बाळच्या पुलावर बस जी थांबली, तेव्हा मला मालगाडी आठवली. डबे मोजायचीही सोय नव्हती.

सात वाजता भावाच्या दारात. बाबांना फोन केला.

"दहाला निघालास, सातला पोचलास. नऊ तास. साडेचारशे भागिले नऊ, ताशी पन्नास," ते लगेच म्हणाले. "लाल बस बरी की रे."

मग आत्याचा फोन.

"अख्खे पोचले काय रे?"

"हो आत्या, दमलोय जरा, खरं बरा आहे."

"तू नव्हे रे. मांडे."

मी आत डोकावलो. भाऊ वाटीत दूध ओतून चमच्यानं खात होता.