पुडीतली हवा

घरच्यांची नजर चुकवून चिप्स खायचे असतील, तर ते पुडीतलेच असावेत. पुडीत मुळात हवाच जास्त. त्यामुळे मूठभर लंपास केले, तरी "हल्ली देतातच कुठे काही!" म्हणून हात झटकता येतात. ती हवा म्हणजे माझी वकील होती.

तिची वकिली प्रिंगल्स या डब्यातल्या चिप्सनी बुडवली. चिप्स तुटतात, तेलकट लागतात, पुडीत नुसती हवा, ही अमेरिकन गिऱ्हाइकांची जुनी कुरकुर. ती मिटवायला प्रॉक्टर अँड गॅम्बल या अमेरिकन कंपनीने १९५६मध्ये फ्रेड बाऊर या रसायनशास्त्रज्ञाला कामाला जुंपलं. त्यांनी खोगिराच्या आकाराचे, एका मापाचे चिप्स केले आणि उभ्या नळकांड्यात त्यांची चळत रचली. चव काही जमेना. ती पुढे त्याच कंपनीतले संशोधक अलेक्झांडर लीपा यांनी सुधारली आणि १९६८च्या सुमारास डबा बाजारात आला.

गिऱ्हाइकाचं भलं झालं, माझं वाटोळं. परवा डबा तिरपा करून वरचे चार अलगद ओढले, उरलेली चळत बोटाने पुढे सरकवली, झाकण आवाज न करता बसवलं. संध्याकाळी धाकटीने डबा कानाशी धरून हलवला.

"बाबा, सकाळी हा वाजत नव्हता."

चव निवडणंही जोखमीचं. सावर क्रीम अँड अनियनचा वास बोटं सोडत नाही, बार्बेक्यूची लाल भुकटी बाहीवर साक्ष देते. साधा खारा ओरिजिनलच काय तो इमानी.

शेवटी कायद्यात शिरलो. म्हटलं, यात बटाटा ४२ टक्केच, मग हे चिप्स कसे? ब्रिटनमध्ये चिप्सवरचा कर वाचवायला खुद्द कंपनीने हाच मुद्दा मांडला होता. २००८मध्ये हायकोर्टाला तो पटला, २००९मध्ये अपील कोर्टाने फेटाळला. माझा निकाल त्याहून झटपट लागला. "चिप्स नाहीत ना?" ही म्हणाली, "मग तुमच्यासाठी आणतच नाही."

बाऊरसाहेब २००८मध्ये गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे थोडी रक्षा प्रिंगल्सच्या डब्यात घालून पुरली. कोणत्या चवीचा डबा घ्यायचा यावर मुलांत चर्चा झाली, ओरिजिनल ठरला. आमच्याकडे असा प्रसंग आला, तर चवीचं नंतर बघतील. आधी डबा रिकामा कुणी केला याची चौकशी होईल, आणि मी रक्षारूपाने शेजारीच असूनही सगळ्यांच्या नजरा माझ्याकडेच वळतील.