आमचं प्रशिक्षण आमच्या वर्गात घ्या

‘स्तरानुसार अध्यापन’ हा विषय प्रत्येक प्रशिक्षणात असतो. पण एका वर्गातल्या चार पातळ्यांच्या मुलांना एकाच तासात कसं शिकवायचं, हे खऱ्या मुलांसमोर कुणी करून दाखवत नाही. नागपूर जिल्ह्यातल्या एका छोट्या शाळेत मी चौथीला शिकवते, आणि हे मला मनापासून खटकतं.

परवा फळ्यावर ४३ वजा १७ लिहिलं. एका मुलीनं लगेच तोंडी २६ सांगितलं. दोन मुलांच्या वहीत ३४. एकाला विचारलं, तर म्हणाला, “तीनातून सात जातच नाई ना मॅडम, म्हून सातातून तीन काढले.” त्याच्यासमोर दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या ठेवल्या. त्यानं न सांगता एक गठ्ठा सोडला, सतरा काड्या बाजूला केल्या आणि २६ मोजून दिल्या. म्हणजे त्याला येतं, फक्त कागदावर मांडता येत नाही. दुसरा मुलगा वीटभट्टीवर आलेल्या छत्तीसगडच्या कुटुंबातला. त्याच्या लेखी ४३ मधला ४ म्हणजे चारच. त्याला गठ्ठा बांधण्यापासून सुरुवात हवी, शिवाय माझी मराठी त्याला अर्धीच कळते. आमच्या तक्त्यात मात्र दोघंही एकाच रकान्यात, ‘अप्रगत’!

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं मुलाला वयानुसार वर्गात बसवलं, ते योग्यच झालं. मागे राहिलेल्यांसाठी विशेष प्रशिक्षणाची सोयही त्याच कायद्यात आहे. पण प्राथमिकला ६० मुलांच्या पटापर्यंत शिक्षक दोनच, त्यामुळे एकेका बाईकडे दोन-दोन वर्ग असतात. ‘प्रथम’ संस्थेनं इयत्ता बाजूला ठेवून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पातळीनुसार मुलांना बसवायची पद्धत रुजवली. तिच्या अभ्यासांतूनही हेच दिसलं, की नुसतं साहित्य आणि प्रशिक्षण देऊन फारसं काही हलत नाही. त्यासाठी रोजचा ठरलेला वेळ लागतो आणि वर्गात येऊन मदत करणारं माणूस लागतं.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात शिक्षकाला वर्षाला किमान ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलंय. त्यातले निम्मे तास तरी शाळेत द्या. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत पीपीटीऐवजी मुलांच्या वह्या टेबलावर ठेवू, चूक कुठून आली ते मिळून शोधू. तज्ज्ञांनी माझा एक तास घ्यावा, मी मागे बसून बघेन. मग मी घेते, त्यांनी बघावं. आणि हो, ती २६ सांगणारी मुलगी! तिला पुढे काय द्यायचं, यावर कुठल्याच प्रशिक्षणात कुणी बोलत नाही. रिकामी बसून तिचंही नुकसानच होतं.

कुही, पारशिवनी, भिवापूरकडच्या शिक्षकांनो, तुमच्या केंद्रात असं वर्गातलं प्रशिक्षण होत असेल तर कमेंटमध्ये सांगा. मुख्याध्यापकांची परवानगी काढून मी बघायला येईन.