‘अपंगांना फुकट बीएमडब्ल्यू’वाल्या फॉरवर्डला उत्तर

गेला आठवडाभर एक फॉरवर्ड गावच्या ग्रुपपासून देवस्थानच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे फिरतोय. लांबलचक आहे, पण सार एवढंच: इंग्लंडमध्ये सरकार अपंगांना फुकट बीएमडब्ल्यू देत होतं, अंथरूण ओलं करणाऱ्यालाही गाडी मिळायची, शेवटी तिथल्या सरकारला अक्कल आली आणि बंद केलं. आपल्याकडे मात्र बसमध्ये सवलत, रेल्वेत सवलत, वर पेन्शन, आणि निम्मे सर्टिफिकेटवाले खोटे. टॅक्स आम्ही भरायचा. समानता पाहिजे ना, मग तिकीटपण समान भरा. प्रवास सवलती बंद करायचं निवेदन आमदारांना देऊया, सह्या करा. खाली हात जोडलेले आणि तिरंगा.

हे स्विंडनहून आलेलं दिसतंय. पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेली आमची गोव्याची इतकी माणसं इंग्लंडात स्विंडन-साउथॉलला आहेत की तिकडच्या टॅब्लॉइडमध्ये सकाळी छापलेलं दुपारपर्यंत डिचोलीत पोचतं. माझा मामेभाऊ तिथेच वेअरहाऊसमध्ये आहे आणि त्याच्या बायकोला एमएस आहे, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार, त्यामुळे ही फुकटची गाडी नक्की काय असते ते आमच्या घरात चांगलंच माहीत आहे.

तर पहिलं, ‘फुकट’. तिकडे अपंगांसाठी पीआयपी नावाचा भत्ता आहे, त्याचा एक भाग चालण्या-फिरण्यासाठी असतो. त्यात दोन दर, 2025-26 मध्ये आठवड्याला 29.20 पौंड किंवा 77.05 पौंड. ज्याला वरचा दर मंजूर झालाय फक्त तोच मोटॅबिलिटी नावाच्या योजनेतून गाडी घेऊ शकतो, आणि घेतली की तो भत्ता सगळा किंवा बराचसा हातात न येता गाडीच्या भाड्यात वळता होतो. भाडंच ते, कारण गाडी साधारण तीन वर्षांच्या लीजवर असते, मुदत संपली की परत. मधेच फेरतपासणीत भत्ता कापला तरी परत. इन्शुरन्स, सर्व्हिसिंग, टायर त्यात धरलेले असतात हे खरं, पण भत्त्यात न बसणारी गाडी हवी असेल तर वरचे पैसे आधी रोख भरायचे आणि ते परत मिळत नाहीत. वहिनीची गाडी साधी हॅचबॅक आहे. डिकीत एक छोटा हॉइस्ट बसवलाय, बटण दाबलं की पट्ट्यात अडकवलेली व्हीलचेअर उचलून आत घेतो, भाऊ नाइट शिफ्टवर असला तरी ती शेजाऱ्याला हाक न मारता हॉस्पिटलला जाते. गाडीतली सगळ्यात भारी गोष्ट तो हॉइस्ट, बीएमडब्ल्यूचा लोगो नाही.

आता, यादीत बीएमडब्ल्यू होती का? होती. मर्सिडीज, ऑडीपण होत्या, ज्यांना परवडायचं ते पदरचे पैसे घालून घ्यायचे. नोव्हेंबर 2025 मध्ये या महागड्या ब्रँडच्या गाड्या यादीतून काढल्या. योजना बंद झाली नाही, चालूच आहे. आणि सरकारने खरी कात्री लावली ती वेगळ्याच जागी, म्हणजे जुलै 2026 पासूनच्या नव्या लीजवर ते वरचे रोख पैसे भरताना 20 टक्के व्हॅट, शिवाय लीजमधल्या इन्शुरन्सवर वेगळा टॅक्स. व्हीलचेअरसकट आत शिरता येईल अशा खास बनावटीच्या गाड्यांना सूट ठेवली, बरं केलं. पण ज्याला पाय वाकवता येत नाही म्हणून जरा उंच सीटची, किंवा चेअर आणि दोन पोरं मावतील अशी साधीच पण मोठी गाडी लागते, तोपण वरचे पैसे भरूनच ती घेतो, म्हणजे बीएमडब्ल्यूवाल्याच्या नावाने बोंब मारली आणि बिल याच्या दारात गेलं. फॉरवर्डवाल्याला हे माहीत नसेल असं आपण समजूया.

अंथरूण ओलं करण्याचं तर कुठून काढलं देव जाणे. फिरण्याच्या भागासाठी तिकडे दोनच गोष्टी तपासतात, प्रवासाची आखणी करून तो पार पाडता येतो का, आणि चालता किती येतं. दुसऱ्या कुठल्याही त्रासाला त्यात गुणच नाहीत. चालण्याचा निकष ऐका: उभं राहून 20 मीटरपेक्षा जास्त चालता येत असेल तर निव्वळ चालण्याच्या गुणांवर वरचा दर मिळत नाही. 20 मीटर म्हणजे आपल्या दोन मोठ्या बसी एकामागे एक लावल्या तर होईल तेवढं अंतर. जुन्या भत्त्यात व्यवहारात 50 मीटर धरायचे, 2013 मध्ये पीआयपी आणताना ते 20 वर आणलं आणि हजारोंच्या दारातल्या गाड्या गेल्या. बरं, अर्ज नाकारल्यावर जे ट्रायब्युनलपर्यंत भांडत जातात त्यातले दहातले सहा-सात जिंकून येतात. म्हणजे आधीचा निर्णय चुकलेला असतो, आणि चुकलेला असतो तो देण्यात नाही, नाकारण्यात.

‘निम्मे खोटे’ हा आकडा कुणी मोजला? तिकडच्या सरकारच्याच 2023-24 च्या आकडेवारीत पीआयपीतली फसवणूक अर्ध्या टक्क्याच्याही खाली आहे. आपल्याकडचं बोलायचं तर खोटी सर्टिफिकेटं निघतात, कोण नाही म्हणतो. पण लोक उदाहरण देतात ते पूजा खेडकर प्रकरणाचं, ज्यात यूपीएससीने 31 जुलै 2024 ला उमेदवारी रद्द केली. ते प्रकरण कलेक्टर व्हायचं होतं हो, बसच्या तिकिटाचं नव्हतं. दिव्यांग हक्क कायदा 2016 मध्ये कलम 91 आहेच, खोटेपणा करून लाभ घेतला तर दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वापरा ना ते. चोर सापडत नाही म्हणून सगळ्या वाड्याचं पाणी तोडायचं, हा कुठला न्याय? आणि ज्यांना सर्टिफिकेट काढणं सोपं वाटतं त्यांनी एकदा हात धरून कुणाला तरी घेऊन जावं. मेडिकल बोर्डाचा वार ठरलेला, त्या दिवशी डॉक्टर नाही, पुढच्या वेळी एक रिपोर्ट कमी, मग यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या वेबसाइटवर फोटोची साइज बसत नाही. खोटं काढणाऱ्याची ओळख असते, रांगेत उभा असतो तो खरा.

‘पेन्शन आहेच की’ हा मुद्दा मात्र चांगली चांगली माणसं मांडतात, म्हणून त्यावर जरा थांबतो. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे, म्हणजे गोवा सरकारच्या पेन्शनचे पैसे घरात जगण्यासाठी आहेत, औषध, जेवण, लाइटबिल. फिरण्याचा खर्च वेगळा आणि तो अपंगत्वामुळेच वाढलेला. माझ्या आतेभावाला मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, स्नायू कमजोर होत जाण्याचा आजार, साखळी शहराच्या बाजूला राहतो. त्याला बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात न्यायचं म्हणजे टॅक्सीच, आणि मीटर कसला, जाऊन-थांबून-येऊन किती ते तोंडाने ठरतं, महिन्यात दोन फेऱ्या पडल्या की पेन्शनमधलं काय उरतं ते तुम्हीच बघा. मी त्याच कामाला गेलो तर बसचं तिकीट काढून जातो किंवा पायलटच्या, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवाल्याच्या मागे बसतो. एकच रस्ता, एकच हॉस्पिटल.

हाच युक्तिवाद तिकडे एकदा करून झालाय, आणि आपटलाय. 2010 मध्ये ब्रिटिश सरकारने जाहीर केलं की केअर होममध्ये राहणाऱ्या अपंगांचा फिरण्याचा भत्ता काढून टाकू, कारण होमवाले ने-आण करतातच, दोनदा पैसे कशाला. ऐकायला बरोबर वाटतं ना? मग लॉर्ड लो, जे स्वतः अंध होते, त्यांनी स्वतंत्र तपासणी केली आणि नोव्हेंबर 2011 मध्ये सांगितलं की पैसे दोनदा जातात याचा पुरावा सापडत नाही. होमवाले दवाखान्याला नेत असतील, बहिणीच्या घरी, चर्चला, मॅचला कोण नेणार? महिन्याभरात सरकारने प्रस्ताव मागे घेतला. फॉरवर्डमध्ये हे नाही.

आपला कायदापण हे वेगळंच मानतो. 2016 च्या त्याच कायद्याचं कलम 41 वाचा, दिव्यांगांना परवडणाऱ्या खर्चात स्वतः फिरता यावं यासाठी सरकारने योजना कराव्यात आणि त्यात सवलती, गाडीत बदल करून देणं आणि फिरायला मदत हे तिन्ही असावं असं त्यात लिहिलंय. पेन्शन दिली की हे माफ, असं कुठेही नाही. इन्कम टॅक्सवाल्यांनाही हे कळतं, 2018 च्या बजेटमध्ये नोकरदारांचा प्रवास भत्ता स्टँडर्ड डिडक्शनमध्ये विलीन केला तेव्हा अपंग कर्मचाऱ्यांची महिना 3200 रुपयांची सूट वेगळी राखली.

बसच्या सवलतीवर या आता. सवलत कदंबात, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसमध्ये. आमच्या बाजूच्या गावांत फिरतात त्या बहुतेक प्रायव्हेट बसी, आणि कदंबा काय नि प्रायव्हेट काय, पहिली पायरी गुडघ्याएवढी उंच. रस्त्याचा काठ पावसाने खचलेला असला की अजून उंच. ड्रायव्हर गाडी पुरती थांबवत नाही, कंडक्टर पाठीवर हात ठेवून "चल चल, फुडें वच" (पुढे जा) करतोय, मागची बस हॉर्न मारतेय कारण दोघांना पुढचा स्टॉप आधी गाठायचाय. माझ्या वाड्यावर पोलिओ झालेला एक जण आहे, कॅलिपर लावून चालतो, तो आधी कुबडी आत फेकतो, मग दांड्याला दोन्ही हातांनी लोंबकळून पाय ओढून घेतो. कुबडी फेकली की बस निघायची भीती, म्हणून आधी कुणाला तरी आत पाठवतो. व्हीलचेअरवाल्याचा तर प्रश्नच नाही. म्हणजे ज्या सवलतीवर एवढी आग आहे ती वापरायला आधी बसमध्ये चढता आलं पाहिजे, आणि ज्याला चढताच येत नाही तो टॅक्सीला पूर्ण भाडं देऊन जातो. सवलतीची उधळपट्टी म्हणे!

रेल्वेचं थोडक्यात. फुकट नाही, स्लीपर आणि थर्ड एसीत 75 टक्के सूट, सेकंड एसीत 50, आणि तीही सगळ्यांना नाही, पूर्ण अंध, सोबत्याशिवाय प्रवास न करू शकणारे अस्थिव्यंग आणि बौद्धिक अपंग अशा ठरलेल्या गटांनाच; मूकबधिरांना स्लीपरमध्ये 50 टक्केच. सोबत्याला सूट मिळते कारण सोबती हौसेने आलेला नसतो. आणि सवलत तात्पुरती बंद करूया म्हणणाऱ्यांना एक आठवण, मार्च 2020 मध्ये कोरोना म्हणून ज्येष्ठ नागरिकांची सूट थांबवली. कोरोना गेला, सूट आली नाही. ग्रुपवर सर्वात आधी हात जोडणारे आमचे काका साठी ओलांडलेले आहेत, त्यांनी तरी विचार करावा.

‘समान तिकीट भरा’ याला उत्तर म्हणून एकच प्रसंग सांगतो, आणि तो गोव्याच्याच वाटेवरचा आहे. फेब्रुवारी 2012 मध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजा घोष कोलकात्याहून गोव्याला एका परिषदेसाठी निघाल्या होत्या. तिकीट सगळ्यांसारखंच काढलेलं, स्पाइसजेटच्या विमानात सीटवर जाऊन बसलेल्या, आणि त्यांची अवस्था बघून त्यांना खाली उतरवलं. सुप्रीम कोर्टात प्रकरण गेलं, मे 2016 मध्ये कंपनीला 10 लाख भरपाई द्यायला सांगितली. परिषद ती हुकलीच. तिकीट समान भरून झालं होतं हो त्यांचं.

टॅक्सचं काय सांगू, अपंग माणूस पेट्रोल वेगळ्या पंपावर भरत नाही आणि साबणावर जीएसटी तोही देतो. कामाला जाता आलं तर इन्कम टॅक्सही देईल. वहिनी स्विंडनला अर्धवेळ नोकरी करते ती त्या गाडीमुळे, गाडी गेली तर नोकरी जाते आणि भाऊ शिफ्ट कमी करून घरी बसतो, म्हणजे एक नाही दोन पगारांचा टॅक्स बुडाला. भत्ता कापून वाचलेला पैसा मोजणारे हा आकडा कधी मोजत नाहीत.

राहिलं निवेदन. मी त्यावर सही करत नाही. पण आमदारांकडे जाणारच असाल तर मीही येतो, आणि कागदावर एवढंच विचारूया: आपल्या तालुक्यात किती बसी धावतात, त्यातल्या कितींमध्ये व्हीलचेअर चढते, आणि ते दोन आकडे सारखे कधी होणार. लेखी उत्तर घेऊया. त्यातला दुसरा आकडा काय येईल ते मला आजच सांगता येतं, तुम्हालाही येतं, तरी घेऊया. ते हातात आलं की मग सवलतीवर बोलायला बसू, माझ्याच घरी बसा, चहा माझा.