हजेरी कळते, मत कळत नाही

परवा पुतण्याने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक तक्ता टाकला. महाराष्ट्राचे 48 लोकसभा खासदार आणि चार रकाने: हजेरीची टक्केवारी, विचारलेले प्रश्न, चर्चांमधला सहभाग, खासगी (म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेली) विधेयकं. मग काय, जुंपली. ठाण्याची मावशी तिच्या खासदाराची बाजू घेऊन भांडली, पुण्याचे मेहुणे टक्केवारी घेऊन तुटून पडले, आणि कुडाळच्या काकांनी विचारलं, ‘गडकरींच्या पुढे काहीच का नाही? ते संसदेत जातच नाहीत की काय?’ त्यावर पुतण्याला सांगावं लागलं की मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत, म्हणून तो रकाना कोरा.

मी हे सगळं इंग्लंडमध्ये, लीड्सला बसून वाचत होतो. इकडे येऊन बरीच वर्षं झाली, पण पासपोर्ट अजून भारताचाच आहे आणि गावाकडच्या निवडणुकीचं वेडही गेलेलं नाही. तक्त्यातले आकडे दिल्लीच्या पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेने जमवलेले. काम चोख असतं त्यांचं, त्यात खोट काढायची नाही. पण चार रकान्यांचं हे प्रगतिपुस्तक पाहून आपण खासदाराला पास-नापास करतो, ते मला पटत नाही. कारण खासदाराचं मुख्य काम त्यात कुठेच येत नाही. कायद्यावर त्याने मत काय दिलं?

आधी हजेरीचं बघू. ती सही दैनंदिन भत्त्यासाठी असते. वर्षानुवर्षं पद्धत अशी होती की लॉबीतल्या रजिस्टरवर सही केली की दिवस भरला. त्यानंतर सभागृहात बसा, कँटीनला बसा, नाहीतर विमानतळ गाठा. अलीकडे बाकावरच्या यंत्रावरून हजेरी लावायची सोय आली, हे चांगलंच झालं. ग्रुपवर कुणाला खरं वाटलं नाही, पण ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये 650 खासदार आहेत आणि तिथे हजेरीपटच ठेवत नाहीत. खासदार आला की नाही हे इथल्या लोकांना कळतं ते मतदानाच्या यादीवरून.

प्रश्नांचंही तसंच. लोकसभेत दिवसाला 20 तारांकित (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे) आणि 230 अतारांकित प्रश्न घेतले जातात, तेही सोडतीने. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळतं आणि तो खासदाराचा साहाय्यकही लिहून देऊ शकतो. ‘गेल्या तीन वर्षांत किती निधी दिला, राज्यनिहाय तपशील द्या’ या साच्यातले शंभर प्रश्न टाकणारा तक्त्यात वर जातो. मंत्र्याची बोलती बंद करणारा एकच पुरवणी प्रश्न विचारणारा खाली राहतो.

आता मताकडे येतो.

आपल्याकडे बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. अध्यक्ष विचारतात, अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावं, प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’. आवाज उठतो, ‘होय’वाल्यांचं बहुमत जाहीर होतं, पुढचा विषय. कोण काय म्हणालं याची नोंद नाही. घटनादुरुस्ती असेल तर नियमानुसार मतं मोजावीच लागतात, म्हणून 2023 च्या सप्टेंबरमध्ये महिला आरक्षणाला लोकसभेत 454 विरुद्ध 2 मतं पडली हे आपल्याला ठाऊक आहे. वक्फ दुरुस्तीच्या वेळी, 2025 च्या एप्रिलमध्ये, विरोधकांनी मतविभाजन, म्हणजे कोणाचं मत कुठे याची मोजणी, मागितलं आणि 288 विरुद्ध 232 असा आकडा निघाला. असे प्रसंग मोजके. दंडसंहिता, फौजदारी प्रक्रिया आणि पुरावा कायदा हे तीन जुने कायदे मोडीत काढून नवे आणले ते 2023 च्या डिसेंबरमध्ये. पोलीस ठाण्याची पायरी चढणाऱ्या प्रत्येक माणसाशी त्यांचा संबंध. त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांतले मिळून 146 विरोधी खासदार निलंबित झाले होते आणि विधेयकं आवाजी मतदानाने संमत झाली. तुमच्या खासदाराचा आवाज त्यात होता का? असला तर ‘होय’ होता की ‘नाही’? कुठल्याही तक्त्यात मिळणार नाही.

20 सप्टेंबर 2020 ची राज्यसभा आठवा. कृषी विधेयकांवर विरोधक मतविभाजन मागत होते. मागणारे सदस्य आपापल्या जागेवर नाहीत, असं कारण पीठासीन उपसभापतींनी दिलं आणि विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर झाली. गोंधळाबद्दल आठ सदस्य निलंबित झाले. वर्षभर शेतकरी दिल्लीच्या वेशीवर बसले आणि 2021 च्या नोव्हेंबरमध्ये कायदे मागे घेतले गेले. कायदे बरे की वाईट, हा वाद आमच्या ग्रुपवर अजून संपलेला नाही, संपणारही नाही. पण राज्यसभेत कोण कोणत्या बाजूला होतं याची यादी नाही, याबद्दल दोन्ही बाजूंचे मेहुणे सारखेच गप्प.

इकडे काय होतं ते सांगतो. सुरुवात इथेही आरडाओरड्यानेच होते आणि बिनविरोधाचे विषय तेवढ्यावरच सुटतात. पण विरोधाचा आवाज कायम राहिला की स्पीकर ‘डिव्हिजन’ पुकारतात, घंटा वाजते, आणि खासदार उठून ‘होय’च्या किंवा ‘नाही’च्या लॉबीतून चालत जातात. थोड्याच वेळात नावानिशी यादी संकेतस्थळावर येते. ‘दे वर्क फॉर यू’ नावाच्या स्वयंसेवी संकेतस्थळावर आपला पिनकोड टाकला की आपल्या खासदाराचं प्रत्येक मत विषयवार समोर येतं. करांवर काय, स्थलांतरितांवर काय, युद्धावर काय. त्यांचे अग्रक्रम काय आहेत हे त्यांनी प्रचारपत्रकात सांगायची गरज उरत नाही.

2024 च्या नोव्हेंबरमध्ये असाध्य आजार झालेल्यांना वैद्यकीय साहाय्याने मरण पत्करता यावं, असं एक विधेयक कॉमन्समध्ये दुसऱ्या वाचनाला आलं. मांडलं होतं किम लेडबीटर यांनी, खासगी विधेयकांच्या सोडतीत त्यांचं नाव पहिलं निघालं म्हणून. अमुकच मत द्या असा पक्षादेश (व्हिप) कुणालाच नव्हता. 330 विरुद्ध 275 मतं पडली, आणि दोन्ही बाजूंना दोन्ही मोठ्या पक्षांचे लोक होते. पुढच्या जूनमध्ये अंतिम वाचनाला तेच अंतर 314 विरुद्ध 291 इतकं कमी झालं. मधल्या काळात काहींनी मत बदललं आणि का बदललं तेही जाहीर सांगितलं.

त्या वेळी मी आमच्या खासदारांना ईमेल केला होता. दोन आठवड्यांनी उत्तर आलं, पान-दीड पानाचं. आभार वगैरे दोन ओळीत उरकून पुढे मुद्दे: मतदारसंघातल्या हॉस्पिसमध्ये (शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या शुश्रूषा केंद्रात) जाऊन काय ऐकलं, अपंगांच्या संघटनांची भीती काय आहे, विधेयकातलं कोणतं कलम खटकतं, आणि या सगळ्यावरून मी अमुक बाजूने मत देणार आहे. निर्णय मला पटला नाही, अजूनही पटत नाही. पण भांडायला काहीतरी हातात होतं. हे पत्र बहुधा साच्यातलं असणार, माझ्यासारख्या शेकडो लोकांना गेलेलं. चालेल.

ग्रुपवर हे लिहिलं तर मावशीने लगेच टोला हाणला: ‘साहेबाच्या देशाचं कौतुक पुरे.’ कौतुक नाहीच. याच कॉमन्सच्या खासदारांनी भत्त्यांच्या बिलांत काय काय घुसडलं होतं ते 2009 मध्ये जगाने वाचलं. एकाने तर तळ्यातल्या बदकांच्या घराचं बिल लावलं होतं. 2024 च्या निवडणुकीत मजूर पक्षाला मतं जेमतेम 34 टक्के आणि जागा 411. शिवाय इथेही पक्ष शिस्त लावतोच. त्याच वर्षी जुलैमध्ये दोनपेक्षा जास्त मुलं असलेल्या गरीब कुटुंबांच्या भत्त्यावरून मजूर पक्षाच्या सात खासदारांनी सरकारविरुद्ध मत दिलं, आणि पक्षाने सातही जणांना संसदीय गटातून बाहेर बसवलं.

फरक पुढे आहे. त्या सातांची खासदारकी शाबूत राहिली. आपल्याकडे जाते.

1985 मध्ये राजीव गांधींच्या सरकारने 52 वी घटनादुरुस्ती करून दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा, आणली. उद्देश आयाराम-गयाराम थांबवायचा. पण त्यात एक कलम असं आहे की पक्षादेश मोडून मत दिलं, किंवा गैरहजर राहिलं, तर सदस्यत्व रद्द होऊ शकतं. मग तो पक्षादेश सरकार वाचवण्यासाठीचा असो की एखाद्या किरकोळ विधेयकावरचा. आयाराम थांबले का? महाराष्ट्राने 2022 मध्ये शिवसेना आणि 2023 मध्ये राष्ट्रवादी फुटताना पाहिली आहे, मी वेगळं काय सांगू? घाऊक फुटीला हा कायदा अडवू शकला नाही. अडवलं ते एकट्यादुकट्या विवेकी माणसाला, ज्याला पक्षही सोडायचा नाही आणि एका वाईट कलमाला ‘होय’ही म्हणायचं नाही.

हे काही मी परदेशात बसून शोधून काढलेलं नाही. दिनेश गोस्वामी समितीने 1990 मध्येच सुचवलं होतं की पक्षादेश मोडल्याची शिक्षा फक्त विश्वास आणि अविश्वास ठरावापुरती ठेवा. 2010 मध्ये मनीष तिवारींनी त्याच धर्तीचं खासगी विधेयकही मांडलं. खासगी विधेयकांचं आपल्याकडे काय होतं ते मात्र जाहीर आहे: स्वातंत्र्यानंतर आजवर 14 मंजूर झाली, शेवटचं 1970 मध्ये.

आमचा मूळ मतदारसंघ राजापूर, म्हणजे पुनर्रचनेत नकाशावरून गेलेला. तिथून 1957 पासून बॅरिस्टर नाथ पै तीनदा निवडून गेले आणि 1971 पासून मधु दंडवते पाचदा. 1967 मध्ये गोलकनाथ खटल्याचा निकाल लागला, संसदेला मूलभूत हक्कांना हात लावता येणार नाही असा, आणि काही आठवड्यांत नाथ पैंनी घटनादुरुस्तीचं खासगी विधेयक मांडलं. संसदेचा अधिकार मोठा की नागरिकाचे हक्क, यावर देशभर वाद पेटला. विधेयक मंजूर झालंच नाही. 1971 च्या जानेवारीत नाथ पै गेले, आणि त्याच वर्षी सरकारने 24 व्या घटनादुरुस्तीने तोच अधिकार संसदेला दिला. नाथ पैंचं म्हणणं बरोबर होतं का, याबद्दल मला शंका आहे. पण पुतण्याच्या तक्त्यात त्याची नोंद ‘खासगी विधेयकं: 1’ अशी झाली असती. आणि दंडवत्यांनी रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंच फोम बसवला, त्याला तर रकानाच नाही.

काकांचा आक्षेप वेगळा होता. ‘मत-बित ठीक आहे, पण आमच्या फाट्यावर हायमास्ट कुणी लावला?’ खासदार निधी वर्षाला 5 कोटी असतो. खासदार शिफारस करतो, जिल्हाधिकारी काम करून घेतो, आणि खांबावर नाव खासदाराचं. इथल्या खासदाराच्या हातात असा छदामही नसतो. तरी लोक त्याच्याकडे रस्त्याचं आणि गळक्या घराचंच रडगाणं घेऊन जातात. बहुतेक खासदार शुक्रवारी किंवा शनिवारी मतदारसंघात भेटीला बसतात, त्याला इथे ‘सर्जरी’ म्हणतात. शेजारच्या एका आजींना घेऊन मी वाचनालयातल्या अशा भेटीला गेलो होतो. कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, घराला ओल धरलेली, भिंत काळी पडलेली, फोटो फोनमध्ये. आमच्या आधी एक जण बायकोचा व्हिसा अडकल्याचं सांगत होता. खासदारांनी फोटो पाहिले, वहीत पत्ता लिहिला, कौन्सिलला पत्र लिहितो म्हणाले. पाच मिनिटं. कणकवलीच्या संपर्क कार्यालयात याहून वेगळं काही घडत नाही, चहा तेवढा तिथे मिळतो. तेव्हा काकांची अपेक्षा गावंढळ आहे असं मी म्हणणार नाही. हायमास्टचा हिशेब त्यांनी जरूर मागावा, पण पुरावा असलेलं काम तेवढंच असेल तर खासदारही तेवढंच करणार.

यात एक विचित्र गोष्ट आहे. राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून भारतीय पासपोर्टवर मला ब्रिटिश संसदेसाठी मत देता येतं. मतदान केंद्रावर ओळखपत्र म्हणूनही तोच पासपोर्ट चालतो. गावी मात्र 2010 च्या दुरुस्तीने अनिवासी भारतीयांना नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला स्वतः जावं लागतं. म्हणजे ज्यांचं प्रत्येक मत मला कळतं त्यांना मी घराजवळच्या शाळेत जाऊन निवडतो, आणि ज्यांचं कळत नाही त्यांना निवडायला विमानाचं तिकीट काढायचं. यावरून परदेशस्थांनी गावच्या राजकारणात नाक खुपसू नये असं कुणी म्हटलं तर त्यात तथ्य आहे. हायमास्ट बंद पडला तर अंधारात काका चाचपडतात, मी नाही.

तरी पुतण्याला मी एक काम दिलं आहे. दहावी अनुसूची बदलायला घटनादुरुस्ती लागेल, ती काही आमच्या ग्रुपने होणार नाही. मतविभाजनाला मात्र नवा कायदा लागत नाही. लोकसभेच्या नियम 367 प्रमाणे अध्यक्षांनी जाहीर केलेल्या आवाजी निकालाला सदस्य आव्हान देऊ शकतो. मागणी विनाकारण वाटली तर अध्यक्ष नुसते उभे करून मोजू शकतात, तेव्हा नावं नोंदली जात नाहीत. पण मागितलं होतं एवढं तरी कार्यवृत्तात राहतं. हे कार्यवृत्त संसदेच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतं. तेव्हा तक्त्यात पाचवा रकाना घाल म्हटलं: मतविभाजन किती वेळा मागितलं. पुतण्या म्हणाला, ‘काका, बहुतेकांचं शून्य येईल.’ येऊ दे. आधी ठाण्याचा रकाना भर म्हटलं, मावशी वाट बघतेय.