ती मुलं एकाच टेबलावर का बसतात?

अमेरिकेतल्या मराठी घरांत मुलं मिडल स्कूलला गेली की एक प्रश्न हमखास निघतो. "पाचवीपर्यंत सगळी एकत्र खेळायची. आता लंचला काळी मुलं आपलं वेगळं टेबल धरून बसतात. मग भेद करतं कोण?" गणपतीत, वाढदिवसांत, चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून मी हे ऐकत आले आहे. आज सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्नच मला उलट्या टोकाने धरलेला वाटतो.

आपण काळे आहोत हे मूल स्वतःहून ठरवत नाही. आधी दुसरं कुणीतरी त्याला ते सांगतं. कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रेट बॅरिंग्टन या लहान गावात गोऱ्या मुलांबरोबर वाढले. शाळेत एकदा टूम निघाली, दहा सेंटला पाकीट मिळणारी व्हिजिटिंग कार्डं आणायची आणि एकमेकांना द्यायची. सगळं मजेत चाललेलं. नव्याने आलेल्या एका उंच मुलीने मात्र एक नजर टाकली आणि त्यांचं कार्ड नाकारलं. आपण या सगळ्यांपेक्षा वेगळे आहोत, हे तेव्हा एकदम लक्षात आलं, असं त्यांनी 1903 साली लिहिलं. पुढे 1885 मध्ये ते नॅशव्हिलच्या फिस्क या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात गेले. तिथे आपल्यासारख्याच तरुण मुलामुलींच्या घोळक्यात वावरताना ते हरखून गेले होते. कार्ड नाकारलं गेल्यावर बऱ्याच वर्षांनी हे फिस्क आलं. टेबलाकडे बोट दाखवणाऱ्यांना फिस्क तेवढं दिसतं, कार्ड दिसत नाही.

(याच ड्यू बॉइस यांना बाबासाहेबांनी 1946 मध्ये पत्र लिहिलं होतं. अस्पृश्यांची आणि अमेरिकेतल्या निग्रोंची स्थिती इतकी सारखी आहे की त्यांचा अभ्यास करणं आवश्यकच आहे, असं त्यात म्हटलं होतं. महाराष्ट्रातून इथे आलेल्यांनी तरी हा विषय परका मानू नये.)

टेबलाच्या प्रश्नावर मानसशास्त्रज्ञ बेव्हर्ली डॅनियल टेटम यांनी 1997 मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. बारा-तेराव्या वर्षी प्रत्येकच मूल 'मी कोण' हे विचारू लागतं, पण काळ्या मुलाला जग त्याचं उत्तर रंगावरून देऊ लागतं. दुकानातला माणूस मागे मागे फिरतो. केसांना कुणीही न विचारता हात लावतं. चांगले मार्क पडले की शिक्षकांना नवल वाटतं. हे गोऱ्या मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणते, "अगं, त्यांना तसं म्हणायचं नसेल." आपली मुलंही हेच म्हणतात. त्या टेबलावर मात्र काही पटवून द्यावं लागत नाही.

आणि वय बघा. नोव्हेंबर 2014 मध्ये क्लीव्हलँडच्या एका बागेत खेळण्यातलं पिस्तूल घेऊन फिरणाऱ्या तमीर राइस या काळ्या मुलाला पोलिसाने गोळी घातली. गाडी येऊन थांबल्यावर दोन सेकंदही गेले नव्हते. तमीर 12 वर्षांचा होता. म्हणून काळ्या मुलांचे आईबाप त्यांना बसवून सांगतात, पोलिसाने थांबवलं तर हात दिसतील असे ठेव, उलट बोलू नकोस, पळू नकोस. आपण त्या वयात मुलांना गणिताचा क्लास लावत असतो.

मानसशास्त्रज्ञ केनेथ आणि मेमी क्लार्क यांचा 1940 च्या दशकातला बाहुल्यांचा प्रयोग बऱ्याच जणांना माहीत असतो. काळी आणि गोरी बाहुली समोर ठेवल्यावर बहुतेक काळ्या मुलांनी गोरी चांगली म्हटली, आणि काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवणाऱ्या 1954 च्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या अभ्यासाचा आधार घेतला. पण त्यावरून 'ही मुलं स्वतःला कमीच लेखतात' असं सरसकट म्हणणं मला खटकतं. मानसशास्त्रज्ञ विल्यम क्रॉस यांनी जुने अभ्यास पुन्हा तपासून मांडलं की आपल्या समूहाबद्दलची ओढ एक आणि स्वतःबद्दलचा मान दुसरा. एकावरून दुसरं सिद्ध होत नाही. घर, आजी, चर्च, शेजार यांनी तो मान जपला, हे त्या बाहुल्यांत कुठून दिसणार?

हे सगळं एका भारतीय आईला मात्र नेमकं कळलं होतं. कमला हॅरिस यांच्या आई श्यामला गोपालन 1958 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला आल्या. आपल्या मुलींना हा देश काळ्या मुली म्हणूनच बघणार, हे ओळखून त्यांनी त्यांना आत्मविश्वासाने वावरणाऱ्या काळ्या स्त्रिया म्हणून वाढवायचं ठरवलं, असं कमला हॅरिस यांनी लिहिलं आहे. कमला पुढे वॉशिंग्टनच्या हॉवर्ड या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात शिकल्या. 2024 मध्ये ट्रम्प जाहीरपणे म्हणाले की ही बाई अचानक काळी झाली, आणि आपल्यातल्या कितीतरी जणांनी ते व्हॉट्सॲपवर आनंदाने पुढे पाठवलं. मला त्याचा राग आला, अजूनही आहे. मुलीचं भारतीयपण कमी न करता तिला तिच्या रंगासकट ताठ मानेने उभं करणं हे त्या आईचं फार मोठं काम होतं.

इथल्या मराठी आईबाबांना थेट विचारते. तुमच्या मुलांच्या वर्गातल्या काळ्या मुलांबद्दल घरी बोलणं होतं का? होत असेल तर काय बोलता, कोणत्या शब्दांत? कॉमेंटमध्ये लिहा. मला खरंच वाचायचं आहे.