मामांचं तोंड दिसू दे की!

आज डेकोरेटरकडं दीड तास बसले आणि डोकं तापवून घरी आले. लेकीचं रिसेप्शन डिसेंबरात, लॉनवर, चाळीस टेबलं. मी एवढंच विचारायला गेलेले की टेबलांच्या मधोमध शेवंती बसेल का. त्यानं टॅबवर फोटो सरकवायला सुरुवात केली. काचेची नळकांडी, आत तरंगत्या मेणबत्त्या. अॅक्रेलिकच्या खांबावर कापडी फुलांचा असा गोळा, की शाळेच्या नाटकातलं झाड वाटावं. टेबलामागं बाराशे रुपये! मी म्हटलं, पलीकडचा माणूस दिसणार कसा? तर म्हणे, "मॅडम, फोटोत टेबल रिकामं दिसतं."

आठ माणसं बसलेलं टेबल रिकामं कसं दिसेल ओ?

मागच्या वर्षी भाच्याच्या रिसेप्शनला आमचे थोरले मामा गडहिंग्लजहून आलेले. त्यांना ऐकायला कमी येतं, समोरच्याच्या ओठांवरून समजून घेतात. आमच्या दोघांच्या मधे दोन फुटी मनोरा. मामा डावीकडनं वाकायचे, मी उजवीकडनं. शेवटी त्यांनी तो उचलून खुर्चीखाली ठेवला. डेकोरेशनचं पोरगं आलं, परत टेबलावर. मामांनी परत खाली. पोरगं परत हजर. तिसऱ्यांदा मामांनी तो मांडीवरच घेतला आणि तसंच पोटभर जेवले. आम्ही हसलो, पण मामा त्या दिवशी फारसं बोलले नाहीत.

कोपर टेबलावर टेकवून हात उभा धरा. फूल त्याच्या वर जायला नको, संपला विषय. उंचच पाहिजे तर देठ बारीक आणि फुलं पार डोक्यावर, हे मान्य. पण डिसेंबरातल्या लॉनवरच्या वाऱ्यात ते उभं राहील का, हे त्या टॅबला कोण विचारणार?

आणि तो हिरवा स्पंज! खरी फुलं मागितली की त्यात खोचून देतात. विचारलं तर "माती होते त्याची." कसली माती? प्लास्टिकच ते, भुगा होतो, कुजत नाही. पंचगंगा खराब होऊ नये म्हणून गणपती इराणी खणीत, जुन्या दगडखाणीच्या पाण्यात, नेणारी कोल्हापूरची माणसं आपण, आणि लग्नात चाळीस टेबलांचा हा भुगा कुठं टाकायचा?

माळ्यावर आईची पितळेची गडू-वाट्यांची रास पडून आहे. चिंचेनं घासली की लखलखते. त्यात पाणी, वर शेवंती, दोन निशिगंधाच्या काड्या आखूड कापून. महाद्वार रोडच्या बाजारातनं आदल्या रात्री आणली तरी चालतील.

लेक म्हणते, "आई, निशिगंध लायटीच्या उष्णतेनं मान टाकतो, आणि फोटो जन्मभर राहतात." बरोबर आहे तिचं. लग्न तिचं आहे, माझं नाही, हे जेवताना तिसऱ्यांदा ऐकलं. मीही जरा जास्तच चढले होते डेकोरेटरवर. त्याचंही पोट आहे, लोक मागतात म्हणून दाखवतो बिचारा. (पण "रिकामं" म्हणाला ते म्हणालाच.)

शेवटी तोडगा तिनंच काढला. केकच्या टेबलावर तिला पाहिजे तो मनोरा, बाकी टेबलांवर माझ्या वाट्या. मी गप्पच बसले. मग मोबाईलवर टेबलांची यादी करता करता म्हणाली, "मामाआजोबांच्या टेबलावर वाटी पण नको. पापडाची टोपली बास."